मदतनिधीच्या लिलावासाठी वापरलेली ऑनलाइन सर्व्हिस: बोलीला जवळजवळ फुल मार्क, हिशोबात काठावर पास

सरळ मुद्द्यावर येते. बोली लावायच्या भागाला मी 5 पैकी 4.5 देईन, आणि बोली संपल्यानंतरच्या भागाला 2. दोन्हीची सरासरी काढून 3.25 असं लिहिण्यात काही अर्थ नाही, कारण मदतनिधीच्या लिलावात तो दुसरा भागच खरं काम असतो. स्क्रीनवर आकडा चढताना बघायला सगळ्यांना आवडतं, पण तो आकडा म्हणजे अजून पैसे नसतात, ते नुसतं कोणीतरी दिलेलं आश्वासन असतं, आणि त्या आश्वासनाचे पैसे होऊन ते घर वाहून गेलेल्या माणसापर्यंत पोचवणं यात सर्व्हिसची मदत किती होते यावरच तिला मार्क द्यायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचा ग्रुप हौशी लोकांचा. कोणी विणकाम करतं, कोणी चित्रं काढतं, कोणी फोटोग्राफी, आणि माणसं वेगवेगळ्या देशांत. पुराच्या बातम्या बघून प्रत्येकाला काहीतरी करावंसं वाटत होतं, मग ठरलं की प्रत्येकाने हातची एखादी वस्तू किंवा स्वतःचा वेळ द्यायचा, त्याचा ऑनलाइन लिलाव करायचा आणि सगळी रक्कम मदतकार्याला. कल्पना नवीन नाहीये. 2010 च्या हैतीच्या भूकंपानंतर पुस्तकं-मालिकांच्या ऑनलाइन फॅन मंडळींनी आपल्या कथा, चित्रं असं सगळं लिलावात काढलं होतं, 2011 मध्ये जपानच्या भूकंप आणि त्सुनामीनंतर 'ऑथर्स फॉर जपान' नावाने लेखकांनी सही केलेली पुस्तकं, हस्तलिखित वाचून अभिप्राय, पुढच्या कादंबरीतल्या पात्राला तुमचं नाव अशा गोष्टी ठेवल्या होत्या. म्हणजे मोठा पैसेवाला स्पॉन्सर नसतानाही साध्या लोकांना हे जमतं.

पूर्वी असे लिलाव कमेंटमध्येच व्हायचे, अजूनही होतात. एक पोस्ट, खाली बोली, ज्याची शेवटची कमेंट त्याची वस्तू. दहा-पंधरा वस्तू असतील तर चालून जातं. पण त्याच्यापुढे गेलात की दोघांची बोली एकाच मिनिटाला पडते, कोणीतरी कमेंट एडिट करतं, कोणाची कमेंट खालच्या रिप्लायमध्ये लपते आणि मग 'मी आधी बोललो होतो' यावरून चांगल्या कामात कडवटपणा येतो. म्हणून यावेळी आम्ही तयार लिलावाची सर्व्हिस घेतली. नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारातल्या सर्व्हिसेसची रचना बरीचशी सारखीच असते आणि मला जे सांगायचंय ते कुठलीही निवडताना उपयोगी पडेल असं आहे.

वस्तू अपलोड करणं अगदी सोपं आहे, फोनवरून फोटो टाका, नाव, वर्णन, सुरुवातीची बोली, झालं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 'वस्तू कोण पाठवणार आणि खर्च कोणाचा' हा रकाना भरल्याशिवाय लॉट (म्हणजे लिलावाला ठेवलेली एक वस्तू किंवा सेवा) पब्लिशच होत नाही. क्षुल्लक वाटेल, पण असे लिलाव नंतर कशावरून अडकतात तर याच्यावरून, एका देशातून दुसऱ्या देशात एखादी जड फ्रेम पाठवायची म्हणजे कधीकधी कुरिअरचा खर्चच बोलीच्या वर जातो, आणि तो देणाऱ्याने भरायचा की जिंकणाऱ्याने हे आधी लिहिलेलं नसेल तर दोघंही नाराज. आमच्याकडे तर ज्या गोष्टींना पाकीट लागतच नाही त्यांनाच जास्त बोली आली. तासभर ऑनलाइन शिकवणी, फोटोवरून स्केच काढून फाइल पाठवणं, कोणाचा बायोडेटा नीट करून देणं. ज्याला हातात द्यायला वस्तू नाही त्यालाही देण्यासारखं काहीतरी सापडलं ही मला या सगळ्यातली फार मोठी गोष्ट वाटते. एका काकूंनी 'तुमच्या आजीचं जुनं पत्र मी वाचून टाइप करून देते' असा लॉट टाकला होता, त्यावर दोन दिवस चुरस चालू होती!

सुरुवातीची बोली आणि पुढची वाढ किती हे सर्व्हिस आपोआप सुचवते, पण ते सुचवलेले आकडे आंधळेपणाने घेऊ नका. वाढ टक्केवारीत ठेवता येते, आम्ही साधारण 5 ते 10 टक्क्यांच्या मध्ये ठेवली. अगदी छोटी वाढ ठेवली की लोक पैशापैशाने पुढे सरकतात आणि कंटाळतात, फार मोठी ठेवली की तिसरा-चौथा माणूस गप्प बसतो. राखीव किंमत, म्हणजे अमुक रकमेच्या खाली वस्तू विकायचीच नाही, हा पर्यायही आहे पण आम्ही तो बंद ठेवला. दुकानदाराला तो लागतो कारण वस्तूत त्याचा पैसा अडकलेला असतो, पण मदतीच्या लिलावात न विकलेली वस्तू म्हणजे मदतकार्याला शून्य. त्यापेक्षा सुरुवातीची बोलीच थोडी वर ठेवा, देणाऱ्याचाही मान राहतो.

आता लिलाव संपण्याची वेळ. इथे या सर्व्हिसला मी अर्धा मार्कसुद्धा कापणार नाही. शेवटच्या 5 मिनिटांत कोणाची बोली पडली की घड्याळ आपोआप 5 मिनिटं पुढे सरकतं, आणि कोणीच बोलेनासं झालं की मगच लॉट बंद होतो. हे का महत्त्वाचं आहे ते सांगते. घड्याळ ठरलेल्या सेकंदाला बंद होणार असेल तर हुशार माणूस आधी बोलतच नाही, शेवटच्या काही सेकंदांत टपकतो आणि समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरत नाही. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये याच्यावर पेपर लिहिला होता, त्यात ईबेवरचे ठरलेल्या वेळी बंद होणारे लिलाव आणि ॲमेझॉनवरचे तेव्हाचे, शेवटी बोली आली तर 10 मिनिटं पुढे जाणारे लिलाव यांची तुलना होती, आणि शेवटच्या क्षणी टपकण्याचं प्रमाण ईबेवर कितीतरी जास्त निघालं. बाकीच्या लिलावात हा फक्त डावपेचांचा प्रश्न असतो, आपल्याकडे मात्र ज्याला अजून द्यायचं होतं पण वेळ मिळाला नाही त्याचे पैसे सरळ मदतकार्यातून कमी होतात.

आमच्याकडे हे कसं दिसलं बघा. क्रोशाचं एक मोठं ब्लँकेट होतं, निळ्या रंगाच्या छटांचं, विणायला कित्येक महिने लागलेलं. बंद व्हायच्या वेळेला दोघीजणी राहिल्या होत्या आणि घड्याळ संपतंय संपतंय म्हणेपर्यंत परत 5 मिनिटं, परत बोली, परत 5 मिनिटं, असं चालूच. बाकीचे सगळे चॅटमध्ये बसून बघत होते, विणणारी स्वतः 'अगं बास करा आता, मी दुसरं विणून देते' असं लिहीत होती. आणि शेवटी तिने तेच केलं, हरलेल्या बाईंना त्यांच्या शेवटच्या बोलीत दुसरं विणून द्यायचं कबूल केलं, आणि सर्व्हिसमध्ये त्यासाठी चक्क बटण आहे, दुसऱ्या नंबरच्या बोलीदाराला त्याच लॉटची ऑफर पाठवता येते. एका ब्लँकेटच्या जागी दोन ब्लँकेटचे पैसे आले.

फक्त एक, सगळे लॉट एकाच वेळी बंद करू नका. सर्व्हिस बाय डिफॉल्ट तसंच करते. एका माणसाला पाच गोष्टी हव्या असतील तर तो एकाच वेळी पाच घड्याळं कशी सांभाळणार? आम्ही दर काही मिनिटांनी एक-एक लॉट बंद होईल असं लावलं, ते प्रत्येक लॉटला हाताने करावं लागतं, वैतागवाणं आहे पण करा. अजून एक गडबड अशी की स्क्रीनवर वेळ बघणाऱ्याच्या देशाप्रमाणे दिसते पण ईमेलमध्ये मात्र यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, त्यामुळे दोन-तीन जणांचा गोंधळ उडाला. आम्ही मग प्रत्येक सूचनेत 'स्क्रीनवरची वेळ खरी धरा' असं लिहायला लागलो.

ऑटो-बिड चांगलं चालतं, तुम्ही जास्तीत जास्त किती देणार ते टाकून ठेवायचं आणि सिस्टीम तुमच्या वतीने गरजेपुरतीच वाढवत नेते. यात जिंकणारा शेवटी दुसऱ्या नंबरच्या माणसापेक्षा जेमतेम वर देतो. यामागचा विचार विल्यम विक्री (Vickrey) या अर्थशास्त्रज्ञांनी 1961 मध्येच मांडला होता, पुढे 1996 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. खरेदीसाठी ही पद्धत झकास आहे पण मदतीसाठी तिच्यात एक भोक आहे. समजा एकाने मनात 100 द्यायचं ठरवलंय आणि दुसरा 40 ला थांबला तर पहिल्याला 42-44 मध्येच वस्तू मिळते आणि त्याने ज्या कामासाठी ठरवले होते ते बाकीचे पैसे त्याच्याच खिशात राहतात. बऱ्याच जणांना ते द्यायचेच असतात हो! या सर्व्हिसमध्ये पेमेंट करताना 'बोलीपेक्षा जास्त रक्कम द्यायची आहे' असा पर्याय आहे, पण तो आम्हाला सेटिंगमध्ये आत खोलवर जाऊन चालू करावा लागला. तो पहिल्याच पानावर हवा.

हरलेल्यांच्या बाबतीत तर याहून मोठी गोष्ट आहे. मदतीच्या लिलावात हरणारा माणूस पूर्ण हरलेला नसतो, कारण कोणीतरी पैसे दिलेच आणि ते चांगल्या कामाला गेले याचं त्यालाही समाधान असतं, आणि म्हणूनच तो जोर लावून पुढे बोलत नाही. 2005 मध्ये गोएरी, मासलँड, ऑन्डरस्टाल आणि टर्नर या चौघांनी 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'मध्ये नेमकं हेच गणित मांडलं, की फक्त जिंकणाऱ्याने पैसे भरायचे ही लिलावाची पद्धत निधी गोळा करायला तशी कमकुवत आहे, सगळ्यांनीच काही ना काही भरायची पद्धत जास्त पैसे आणते. आता आपण काय हरलेल्यांकडून सक्तीने घेणार नाही, पण विचारायला तर हरकत नाही ना. सर्व्हिस हरलेल्या प्रत्येकाला आपोआप एक मेसेज पाठवते, 'लॉट मिळाला नाही, तरी मदतकार्याला काही द्यायचंय का', खाली एक लिंक. मेसेजचे शब्द मात्र स्वतः बदला, मूळचे फार कोरडे आहेत. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने तो मेसेज असा लिहिला की शाळेच्या वह्या भिजल्यात, चुली भिजल्यात, तुमची बोली हुकली पण मदत हुकायला नको. त्यावर खरंच खूप लोकांनी दिले. मला विचाराल तर अख्ख्या सर्व्हिसमधलं सगळ्यात मौल्यवान फीचर हेच.

इथपर्यंत सगळं छान. आता पैसे.

डिफॉल्ट सेटिंगमध्ये जिंकणाऱ्याचे पैसे आधी सर्व्हिसच्या खात्यात जातात, तिथून आयोजकाच्या, तिथून आपण मदतसंस्थेला द्यायचे. म्हणजे मध्ये दोन थांबे. पहिल्या थांब्यावर व्यवहाराची फी कापली जाते आणि पडताळणीच्या नावाखाली रक्कम अडकून राहते, दुसऱ्या थांब्यावर कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात लोकांचे दानाचे पैसे पडून राहतात, आणि ही गोष्ट मला मुळातच पटत नाही. माणूस कितीही प्रामाणिक असो, त्याच्यावर तसा संशयाचा प्रसंगच का यावा? शिवाय कार्डने दिलेले पैसे बऱ्याच प्रकारच्या तक्रारींत साधारण 120 दिवसांपर्यंत परत मागता येतात, म्हणजे तुम्ही रक्कम पुढे पाठवून मोकळे झालात आणि मागून कोणी चार्जबॅक टाकला तर ते आयोजकाच्या अंगावर.

म्हणून आम्ही 'थेट पेमेंट' मोड वापरला, म्हणजे जिंकणाऱ्याने मदतसंस्थेच्या स्वतःच्या देणगी पानावर जाऊन पैसे भरायचे आणि पावती इथे अपलोड करायची, पावती तपासून झाली की लॉट देणाऱ्याला 'वस्तू पाठवा' असा निरोप जातो. पैसा आमच्या हाताला लागतच नाही. अशा लिलावासाठी याहून स्वच्छ पद्धत मला माहीत नाही. पण सर्व्हिसने हा मोड कसातरी दिलाय. पावती म्हणजे नुसता फोटो चढवायचा, त्यात व्यवहार क्रमांकाचा वेगळा रकाना नाही, तारीख नाही, रक्कम जुळते का हे सिस्टीम बघत नाही. म्हणजे प्रत्येक पावती डोळ्यांनी वाचायची, क्रमांक वेगळ्या शीटमध्ये लिहायचा, एकच पावती दोन लॉटसाठी तर आली नाही ना ते बघायचं. दोघांनी मिळून केलं म्हणून झालं. एकटा माणूस हे करत असेल तर त्याला माझा आधीच नमस्कार.

बोली लावून पैसे न भरणारे थोडेफार असतातच. त्यासाठी आठवण करणारे ईमेल आपोआप जातात हे चांगलं आहे, आणि मुदत संपली की लॉट दुसऱ्या नंबरला ऑफर करता येतो. पण नवीन खातं उघडून लगेच वाट्टेल ती बोली लावण्यापासून ही सर्व्हिस कोणालाच रोखत नाही, फोनवर ओटीपी एवढीच काय ती तपासणी. ठरावीक रकमेच्या वरच्या बोलीला आयोजकाची मंजुरी लागेल अशी सोय हवी होती, खोटी बोली एकदा पडली की त्या लॉटवरचे खरे लोक निघून जातात आणि परत येत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी गंभीर मानते. जिंकणाऱ्याला जे आपोआप आभारपत्र जातं त्यात 'तुमची संपूर्ण रक्कम करसवलतीस पात्र आहे' अशा अर्थाचं वाक्य छापलेलं होतं. बऱ्याच देशांत हे खरं नसतं. लिलावात तुम्हाला पैशाच्या बदल्यात वस्तू मिळते, त्यामुळे सवलत मिळालीच तर ती वस्तूच्या बाजारातल्या किमतीपेक्षा जास्त दिलेल्या भागावर मिळते, आणि कुठे कुठे तीही नाही. नियम देशागणिक वेगळे आहेत, तेव्हा आयोजकाने असलं काही आश्वासन देऊच नये. आम्ही ते वाक्य पहिलं पत्र जायच्या आधी काढून टाकलं, तुम्हीही टेम्प्लेट उघडून शेवटपर्यंत वाचा.

पेमेंटच्या पानावर अजून एक त्रास आहे, सर्व्हिससाठी 'ऐच्छिक टिप' हा चौकोन आधीच टिक केलेला असतो. ज्याच्या लक्षात येत नाही त्याचे पैसे पूरग्रस्तांऐवजी कंपनीला जातात. सर्व्हिस चालवायला खर्च येतो हे मान्य आहे, टिप जरूर मागा, पण चौकोन रिकामा ठेवून मागा. आपत्तीत मदत करणाऱ्या माणसाच्या घाईचा असा फायदा घेणं मला अजिबात आवडलेलं नाही. थेट पेमेंट मोडमध्ये हे पान येत नाही, तो मोड घ्यायचं हे आणखी एक कारण.

शेवटी हिशोबाची फाइल. सगळं सीएसव्हीमध्ये, म्हणजे तक्त्याच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये डाउनलोड होतं पण एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की देवनागरी नावांच्या जागी सगळी चित्रविचित्र अक्षरं. डेटा खराब झालेला नसतो, एक्सेलला फाइल यूटीएफ-8 (देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये आहे हे कळत नाही एवढंच. एक्सेलमधल्या डेटा टॅबवर जाऊन 'टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून' असं इम्पोर्ट करा आणि तिथे यूटीएफ-8 निवडा, किंवा सरळ गुगल शीट्समध्ये उघडा, नावं व्यवस्थित दिसतात. सपोर्टला विचारलं तर उत्तर लवकर आलं, नम्र होतं, पण 'इंग्रजीत नावं भरायला सांगा' असं होतं. हे काही उत्तर नाही.

त्याच फाइलमध्ये सगळ्यांचे पत्ते आणि फोन नंबरही येतात हे लक्षात ठेवा. ती व्हॉट्सॲपवर फिरवू नका, वस्तू पोचल्या की पत्ते डिलीट करा. बोली लावताना टोपणनाव दाखवायची सोय आहे, ती चालू ठेवा, कोणी किती दिले हे जगाला कळायची गरज नसते आणि कमी देणाऱ्याला संकोच वाटत नाही.

सर्व्हिसचा नाही पण लिलावाचा भाग म्हणून दोन गोष्टी लिहिते. पैसे कुठे जाणार ते पहिली बोली लागायच्या आधी ठरलेलं आणि लिहिलेलं हवं. आणि पैसेच पाठवा, वस्तू नाही. आपत्तीनंतर येणाऱ्या नको असलेल्या कपड्यांच्या आणि सामानाच्या ढिगाला मदतकार्यातली माणसं 'दुसरी आपत्ती' म्हणतात, ते निवडायला, साठवायला, हलवायलाच माणसं आणि ट्रक अडकतात. रोख रकमेतून तिथलीच माणसं जे लागतंय ते जवळच्या बाजारातून घेतात आणि त्या बाजारालाही उभं राहायला हातभार लागतो. वेळेचंही तसंच, बातम्यांमधून विषय गेला की देणगीचा ओघ आटतो पण घरं बांधायचं काम तेव्हा कुठे सुरू होत असतं. म्हणून तयारीत फार दिवस घालवू नका, थोडे लॉट घेऊन चालू करा, नंतर वाढवा.

घ्यावी का ही सर्व्हिस? वस्तू थोड्या असतील आणि सगळे ओळखीचे असतील तर गरज नाही, एक फॉर्म आणि एक शेअर केलेली शीट पुरते, फक्त शीटमध्ये एडिटचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. वस्तू भरपूर, लोक अनोळखी आणि वेगवेगळ्या देशांतले असतील तर घ्या, पुढे सरकणारं घड्याळ, दुसऱ्या नंबरला ऑफर आणि हरलेल्यांना मेसेज या तीन गोष्टींसाठी घ्या, आणि पावत्या तपासायला दोन माणसं आधीच बाजूला काढा. मी कंपनीला टिपचा चौकोन, करसवलतीचं वाक्य, पावतीचा रकाना आणि देवनागरी फाइल अशा चारही गोष्टी लेखी कळवल्या आहेत. करसवलतीचं वाक्य त्यांनी टेम्प्लेटमधून काढलंय, फाइलचं बघतो म्हणालेत, पावतीच्या रकान्यावर आणि टिपवर अजून काहीच उत्तर नाही. त्यात बदल झाला तर इथे लिहीनच.